शाई माझी, चिप कुणाची?

परीक्षेच्या दिवसांत घरातला प्रिंटर हमखास रुसतो. आमचा रुसला तो रात्री साडेनऊला, नातीच्या प्रकल्पाची सात पानं उरलेली असताना. पडद्यावर पाटी आली: टोनर संपला, कार्ट्रिज बदला. कार्ट्रिज काढून कानाशी हलवली, तर आत पावडर चांगली सळसळत होती.

सकाळी ती घेऊन गल्लीतल्या रिफिलवाल्याकडे गेलो. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, हात मनगटापर्यंत काळे. त्यानं कडेच्या दोन पिना उपसल्या आणि कार्ट्रिजचे दोन भाग केले. ड्रम उजेड लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवला, ब्लेड पुसली, साठलेली वाया गेलेली पावडर ब्लोअरनं उडवली आणि नवी भरली. सगळं दहा मिनिटांत झालं. मग म्हणाला, “काका, पावडर कितीही भरतो हो. पण चिप बदलावी लागेल. नाहीतर मशीन घेणारच नाही.”

कार्ट्रिज मी पैसे मोजून आणली, म्हणजे ती माझी. पावडरही माझीच. मग तिनं चालायचं की नाही, हे तिसराच कुणी कसं ठरवतो? हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. अमेरिका, जपान आणि जर्मनीतल्या सर्वोच्च पायरीवरच्या न्यायालयांनी त्याच्यावर डोकं शिणवलं आहे. त्यांनी काय म्हटलं ते पाहायचंच आहे, पण आधी ती चिप काय वस्तू आहे ते समजून घेऊ.

१. रेशन कार्ड आणि परवलीचा शब्द

नखाएवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावर काही सोनेरी ठिपके, एवढीच ती दिसते. कार्ट्रिज आत सरकवली की हे ठिपके प्रिंटरमधल्या टोकांना टेकतात आणि दोघांचं बोलणं सुरू होतं.

चिपचं पहिलं काम हिशेबाचं. जुन्या रेशन कार्डाची आठवण काढा. दुकानदार पोत्यात डोकावून तुम्हाला साखर द्यायची की नाही ते ठरवत नसे. तो कार्डावरची नोंद बघायचा. नोंद भरली की कोटा संपला, मग पोतं भरलेलं का असेना. बऱ्याच प्रिंटरांचंही असंच असतं. किती पानं निघाली, किती ठिपके उमटले, ड्रम किती फिरला यावरून यंत्र खर्चाचा अंदाज बांधतं आणि तो चिपवर लिहून ठेवतं.

आकडे घेऊन बघू. समजा कार्ट्रिजमध्ये ६० ग्रॅम पावडर आहे आणि ती २००० पानांसाठी आहे. म्हणजे पानाला ०.०३ ग्रॅम. तुम्ही मात्र चार ओळींची पत्रंच छापता, पानाला ०.०२ ग्रॅम लागते. गणती नुसत्या पानांवर असेल, तर २००० पानांनंतर कार्ड भरलं, पण आत २० ग्रॅम पावडर शिल्लक! माझ्या कानाशी सळसळत होती ती बहुधा हीच.

दुसरं काम ओळख पटवण्याचं. गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारत, तसं. पण शब्द रोज तोच राहिला तर कुणीतरी कान देऊन ऐकणार. म्हणून हुशार चिप शब्द सांगत नाही, गणित सोडवते. समजा प्रिंटर आणि चिप दोघांनाच १७ हा आकडा ठाऊक आहे. प्रिंटर म्हणतो ५, चिपनं उत्तर द्यायचं ८५. पुढच्या वेळी प्रिंटर म्हणेल ९, तर उत्तर १५३. खऱ्या चिपमधलं गणित यापेक्षा कितीतरी अवघड असतं. ऐकणाऱ्याला दोन-चार सवालजबाबांवरून गुपित आकडा काढता येत नाही. उत्तर चुकलं की दार बंद.

एचपीच्या जुन्या १२ए कार्ट्रिजला अशी चिपच नव्हती. रिफिलवाले तिचं नाव आजही मायेनं घेतात.

२. पेटंट म्हणजे चतुःसीमा

आता पेटंटकडे वळू. शासकीय मराठीत त्याला ‘एकस्व’ म्हणतात. शब्द नेमका आहे, पण मुंबईत अँटॉप हिलला जे पेटंट कार्यालय आहे, त्याच्या आवारात तरी तो कुणाच्या तोंडी असेल का, याची मला शंका आहे.

पेटंट कल्पनेला मिळत नाही, ती प्रत्यक्षात आणण्याच्या विशिष्ट रीतीला मिळतं. अर्जाच्या शेवटी जे ‘दावे’ लिहिलेले असतात तेच खरं पेटंट. खरेदीखतात जमिनीच्या चतुःसीमा लिहितात ना: पूर्वेस अमुक, पश्चिमेस ओढा. दावे म्हणजे शोधाच्या चतुःसीमा. त्यांच्या आत दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही. हा हक्क स्वतः काही करण्याचा नसून इतरांना अडवण्याचा असतो. तो ज्या देशात घेतला तिथेच चालतो, आणि आपल्याकडे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी संपतो.

रिफिलवाल्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या ड्रमचा आजोबा पेटंटांच्या कचेरीतच जन्मला. चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होता. पेटंटांच्या कागदांच्या नकला कधी पुरेशा नसत. त्या हातानं टंकायच्या, नाहीतर महागडे फोटो काढायचे. वैतागून त्यानं कोरड्या नकलेचा ध्यास घेतला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्यानं आणि ऑटो कोर्नाय या सहायकानं गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासून विद्युतभारित केला. त्यावर तारीख आणि गावाचं नाव लिहिलेली काच ठेवून प्रखर दिवा लावला. उजेड पडला तिथला भार ओसरला, अक्षरांखालचा राहिला. वर बारीक पावडर भुरभुरवली, ती अक्षरांना चिकटली. मेणकागदावर ती उचलून गरम केली आणि जगातली पहिली झेरॉक्स हाती आली.

लेसर प्रिंटर आजही हेच करतो: भार, उजेड, पावडर, उष्णता. कार्लसनला मूळ पेटंट ऑक्टोबर १९४२ मध्ये मिळालं. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असे, म्हणजे ऑक्टोबर १९५९ पर्यंत. आणि या तत्त्वावरचं गाजलेलं ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र लोकांसमोर आलं सप्टेंबर १९५९ मध्ये! मुदत संपायला महिनाही उरला नव्हता. तरी कंपनीनं पुढं वर्षानुवर्षं राज्य केलं, कारण मूळ शेताभोवती तिनं सुधारणांच्या पेटंटांची काटेरी वई घातली होती.

कार्ट्रिजभोवतीची वई अशीच आहे. कागदावर ठिपका उमटवण्याचं तत्त्व केव्हाच सार्वजनिक झालं. पेटंटं आहेत ती ड्रमच्या टोकाच्या दातेरी चाकावर, शाईच्या टाकीतल्या स्पंजच्या मांडणीवर, चिपच्या ठिपक्यांवर आणि तिच्याशी बोलण्याच्या रीतीवर.

३. वस्तरा फुकट, पाती महाग?

प्रिंटर स्वस्त आणि कार्ट्रिज महाग, हा विषय निघाला की नेहमी जिलेटचा दाखला देतात: त्यानं वस्तरे जवळजवळ फुकट वाटले आणि पात्यांवर कमावलं, प्रिंटरवाल्यांनी तेच उचललं. गोष्ट छान आहे, पण उलटी आहे. किंग जिलेटला पेटंट मिळालं १९०४ मध्ये, आणि ते जिवंत असेपर्यंत त्याचा वस्तरा तब्बल ५ डॉलरला विकला जात होता. त्या काळी ही चैनीची किंमत. १९२१ मध्ये पेटंट संपलं, कुणीही तसला वस्तरा करू लागला, तेव्हा कंपनीनं जुन्या धर्तीचा वस्तरा स्वस्त केला.

म्हणजे पेटंट होतं तोवर वस्तराही महाग विकता येत होता. वस्तरा स्वस्तात देऊन पात्यावर वसुली करायची, तर दुसऱ्याचं पातं आपल्या वस्तऱ्यात बसता कामा नये. वस्तऱ्याच्या पात्याला चिप लावता येत नव्हती, कार्ट्रिजला येते.

४. पन्नास बाइटांचा खटला

एक गोष्ट आधी वेगळी करून ठेवू, नाहीतर पुढे गोंधळ होईल. पेटंट शोधाला असतं. स्वामित्वहक्क लिहिलेल्या मजकुराला असतो, आणि संगणकाचा प्रोग्रॅम कायद्याच्या लेखी लिहिलेला मजकूरच आहे. करार हा दोन माणसांमधला शब्द. चिपच्या बाबतीत कंपन्यांनी ही तिन्ही हत्यारं पाजळली.

आधी स्वामित्वहक्क. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली लेक्समार्क कंपनी दोन प्रकारच्या कार्ट्रिज विकत असे: एक पूर्ण किमतीची, आणि दुसरी सवलतीची, पण एकदाच वापरून कंपनीलाच परत करायची. सवलतीची कार्ट्रिज कुणी दुसऱ्यानं भरली, तर तिच्यावरची चिप प्रिंटरला नकार द्यायला लावी. नॉर्थ कॅरोलायनातल्या स्टॅटिक कंट्रोल या कंपनीनं तशीच उत्तरं देणारी चिप तयार केली आणि रिफिलवाल्यांना विकली. २००२ च्या डिसेंबरअखेर लेक्समार्कनं दावा ठोकला: आमच्या चिपमधल्या प्रोग्रॅमची चोरी झाली, शिवाय आमचं डिजिटल कुलूप फोडलं. हे कुलूप फोडण्याबद्दलचं कलम १९९८ च्या कायद्यातलं. तो प्रामुख्यानं गाणी, चित्रपट आणि सॉफ्टवेअर यांच्या चोरीसाठी आणलेला होता.

हा प्रोग्रॅम होता तरी केवढा? त्याच्या दोन आवृत्त्या होत्या, एक ३७ बाइटांची आणि दुसरी ५५. ‘गणपती बाप्पा मोरया’ हे तीन शब्द आजच्या युनिकोड पद्धतीनं साठवले, तर ५० बाइट लागतात: देवनागरीचे १६ घटक, प्रत्येकी ३ बाइट, आणि मधल्या दोन मोकळ्या जागा. म्हणजे लहान आवृत्ती बाप्पाच्या गजरापेक्षाही आखूड! न्यायालयानंही असंच काहीसं मोजलं होतं. दोन्ही पक्षकारांची नावं लिहिली तरी ती या प्रोग्रॅमपेक्षा जास्त जागा घेतील, असं निकालात नोंदवलं आहे.

खालच्या न्यायालयानं स्टॅटिक कंट्रोलला चिप विकण्यास मनाई केली. ऑक्टोबर २००४ मध्ये वरच्या न्यायालयानं ती उठवली. कुलपाच्या मुद्द्यावर न्यायमूर्तींनी दिलेला दृष्टांत कुठल्याही चाळीत समजेल असा आहे: पुढचं दार सताड उघडं असताना मागच्या दाराच्या कुलपानं घर राखलं, असं कोण म्हणेल? ज्यानं प्रिंटर विकत घेतला त्याला त्यातला प्रोग्रॅम सरळ वाचता येत होता. चिपचं कुलूप प्रोग्रॅमची चोरी रोखत नव्हतं, फक्त यंत्र चालू होऊ देत नव्हतं.

मला हा निकाल आवडतो तो त्यातल्या साध्या भेदामुळे. मजकूर जपणं निराळं, आणि मजकुराच्या नावाखाली गिऱ्हाईक बांधून ठेवणं निराळं.

५. आंब्याची पेटी

स्वामित्वहक्काचं दार लागल्यावर उरलं पेटंट. इथे एक जुनं तत्त्व आडवं येतं. पेटंट असलेली वस्तू मालकानं एकदा विकली, की त्या नगापुरता त्याचा पेटंटहक्क खर्ची पडतो. शोध अजून त्याचाच असतो. तुम्ही तसा दुसरा नग बनवू शकत नाही. पण विकलेला नग वापरा, दुरुस्त करा, शेजाऱ्याला विका.

मग सवलतीच्या अटीचं काय? समजा मी तुम्हाला हापूसची पेटी स्वस्तात दिली आणि अट घातली: आंबे संपले की पेटी मलाच परत. तुम्ही ती शेजाऱ्याला दिली, त्यानं तिच्यात बटाटे भरून विकायला ठेवले. मी तुमच्याशी भांडू शकतो, कारण शब्द तुम्ही मोडला. शेजाऱ्याच्या दारात जाऊन तमाशा कसा करणार? त्यानं मला कुठला शब्द दिला होता?

लेक्समार्कनं शेजाऱ्याच्याच दारात तमाशा केला. वेस्ट व्हर्जिनियातली इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही छोटी कंपनी लेक्समार्कच्या रिकाम्या कार्ट्रिज घेऊन, चिप बदलून, भरून विकत होती. त्यांतल्या काही परदेशात विकलेल्या आणि तिथून परत आणलेल्याही होत्या. पेटंटांच्या अपील न्यायालयानं लेक्समार्कची बाजू घेतली. पण ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. विक्री देशात होवो की परदेशात, त्या नगावरचा पेटंटहक्क संपला; अटी मोडल्याची तक्रार करारानं बांधलेल्या गिऱ्हाइकाकडे करा. परदेशातल्या विक्रीच्या मुद्द्यावर न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं मत तेवढं वेगळं पडलं.

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या गॅरेजचं उदाहरण दिलं. मोटारीतला प्रत्येक सुटा भाग बनवणारा जर विक्रीनंतरही हक्क सांगत राहिला, तर गॅरेजवाल्याला पाना उचलतानाही वकील लागेल.

सगळीकडे मात्र असंच झालं नाही. ‘दुरुस्ती’ कुठे संपते आणि ‘नवं बनवणं’ कुठे सुरू होतं, यावर घोडं अडतं. पातेल्याला कल्हई लावली तर पातेलं तेच. वितळवून नवं ओतलं तर ते नवं पातेलं, आणि त्यावर पेटंट असेल तर ते पुन्हा लागू. २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं कॅननच्या बाजूनं कौल दिला. शाईच्या टाकीत एकमेकांवर दाबून बसवलेले दोन स्पंजसारखे भाग आणि त्यांच्यामधली शाईनं भिजलेली सीमा, हाच कॅननच्या शोधाचा गाभा होता. वापरलेल्या टाकीत शाई वाळून तो निकामी झालेला असतो. टाकी धुऊन, भरून तो पुन्हा जिवंत करणं म्हणजे नवी टाकी बनवणंच, असं न्यायालयाला वाटलं. उलट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं २०१७ मध्ये कॅननच्याच ड्रमबाबत सांगितलं, की ड्रम बदलून कार्ट्रिज पुन्हा वापरात आणणं म्हणजे नवं उत्पादन नव्हे. कंपनी तीच, फरक पडला तो दाव्याच्या चतुःसीमा कशा आखल्या यानं.

भारतात? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात पुढं घातलेलं कलम १०७-ए सांगतं, की कायद्यानं ज्याला उत्पादन व विक्रीचा अधिकार आहे त्याच्याकडून घेतलेला पेटंट माल आयात करणं हे उल्लंघन नव्हे. शिवाय कलम ३ प्रमाणे नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही.

६. कोर्टात हरले, चिपमध्ये जिंकले

आता कुणाला वाटेल, झालं, रिफिलवाला सुटला. तसं झालं नाही. कायदा ‘तुम्ही भरू शकता’ म्हणतो; प्रिंटर ‘मी घेणार नाही’ म्हणतो. चिपला निकालपत्र वाचता येत नाही.

१३ सप्टेंबर २०१६ ला एचपीच्या काही प्रिंटरांनी बाहेरच्या चिपच्या कार्ट्रिज एकाएकी नाकारल्या. आदल्या दिवशीपर्यंत त्या बिनबोभाट चालत होत्या. प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये हा निर्बंध आधीच येऊन बसला होता. ओरड झाल्यावर कंपनीनं दिलगिरी व्यक्त करून निर्बंध काढणारी आवृत्ती दिली, पण ही रीत सोडली नाही. २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं या निर्बंधांची नीट कल्पना ग्राहकांना दिली नाही म्हणून तिला १ कोटी युरोंचा दंड केला.

जपानमध्ये रिकोनं तर चिपवरच पेटंट घेतलं होतं. मूळ चिप ठेवून कार्ट्रिज भरली, तर छपाई होई, पण शिल्लक टोनरच्या जागी प्रश्नचिन्ह दिसे. म्हणून रिफिलवाल्यांनी स्वतःची चिप बसवली, आणि रिकोनं त्यांना कोर्टात खेचलं. २०२० मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं हा हक्काचा गैरवापर ठरवला. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयानं तो निकाल उलटवला. छपाई तर होते आहे ना, मग प्रश्नचिन्हानं एवढं काय अडतं, असा एकूण सूर. ज्यानं कधी प्रश्नचिन्ह दाखवणारं यंत्र गिऱ्हाइकाला समजावून दिलं असेल, त्याला या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे.

याच कथेत एक विनोदी प्रवेशही आहे. २०२२ च्या सुरुवातीला जगभर चिपचा तुटवडा होता. कॅननला आपल्या ऑफिस यंत्रांच्या टोनरसाठी चिप मिळेनात, म्हणून बिनचिपचा टोनर विकावा लागला. साहजिकच यंत्रं आपल्याच कंपनीच्या मालाला नकली समजून कुरकुरू लागली. तेव्हा कॅननच्या जर्मन शाखेनं ग्राहकांना कळवलं: इशारा आला तर घाबरू नका, अमुक बटण दाबून पुढे जा. छपाईच्या दर्जावर परिणाम होणार नाही, हेही त्यातच होतं!

चिपची ही सवय प्रिंटरपुरती राहिली नाही. अमेरिकेत कॉफीच्या छोट्या डब्यांवरची मुख्य पेटंटं २०१२ मध्ये संपल्यावर क्युरिग या कॉफीयंत्रांच्या कंपनीनं २०१४ मध्ये झाकणावरची खास शाई ओळखणारं यंत्र आणलं आणि गिऱ्हाइकांचा रोष ओढवून घेतला.

प्रिंटरच्या पेचातून खरी वाट निघाली ती कोर्टातून नव्हे, जुगाडातून. आशियात अनेक ठिकाणी लोक प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या टांगून, नळ्या आत सोडून छपाई करत. एप्सननं ते पाहिलं आणि २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःचाच टाकीवाला प्रिंटर काढला. यंत्र महाग, शाई स्वस्त.

त्याचा हिशेब घरीच मांडता येतो. समजा एक प्रिंटर ४,००० रुपयांचा आहे आणि त्याची ९०० रुपयांची कार्ट्रिज १५० पानं देते: पानाला ६ रुपये. दुसरा ११,००० चा, त्याची ४०० रुपयांची बाटली ४,००० पानं देते: पानाला १० पैसे. किमतीतला ७,००० चा फरक ५ रुपये ९० पैशांनी भागा. सुमारे १,२०० पानांनंतर महाग प्रिंटर स्वस्त पडतो. वर्षाला पन्नास पानं छापणाऱ्यानं मात्र दोन्ही सोडून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं.

नवा प्रिंटर घ्यायला गेलात, तर पुढच्या बाजूचा फोटो आणि सवलतीचा आकडा बघून झाल्यावर खोकं फिरवा. एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हे यंत्र फक्त अमुक चिपच्या कार्ट्रिजबरोबर चालण्यासाठी आहे आणि पुढच्या सुधारणांनंतर बाहेरच्या कार्ट्रिज बंद पडू शकतील. ते वाक्य दिसलं, तर पैसे देण्याआधी दुकानदाराला कार्ट्रिजची किंमत विचारा, आणि ती किती पानं देते तेही.